काकांना सीओपीडी, घरी ऑक्सिजन, आणि काकूंना दिवाळीचं अभ्यंग हवंय. कसं करू?

मालीशवाला_डोंबिवली

नमस्कार मंडळी. डोंबिवली ते बदलापूर पट्ट्यात मी घरोघरी जाऊन मालीश करतो. जन्मापासून दिसत नाही. हे फोनला सांगून लिहितोय, तेव्हा काना-मात्रा इकडेतिकडे झाली तर सांभाळून घ्या.

प्रश्न एका काकांचा आहे. वय सत्तरीच्या पुढे. उभी हयात कारखान्यात बॉयलरवर गेली, जोडीला बिडी. बिडी सुटली, पण सीओपीडी, म्हणजे धाप लावणारा फुप्फुसाचा जुनाट आजार, मागे राहिला. घरी ऑक्सिजनचं मशीन आहे, दिवसाचे पंधरा-सोळा तास नाकाला नळी. दोन तऱ्हेचे पंप, अधूनमधून स्टेरॉइडच्या गोळ्या. मान आणि खांदे इतके आखडलेत की रात्री कूस बदलता येत नाही, म्हणून मुलाने मला बोलावलं. त्याने छातीच्या डॉक्टरांना फोनवर विचारलं होतं. उत्तर आलं, 'हरकत नाही, जपून करा.' झालं! आता जपून म्हणजे हात हलका ठेवू, वेळ कमी ठेवू, की छातीला हातच लावू नको? गुडघा असेल, जखडलेला खांदा असेल, तर मला कुणाला विचारावं लागत नाही. इथे लागतंय.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. पहिल्या भेटीत तेलाची बाटली उघडलीच नाही. काकांना खुर्चीत बसवलं, मागे उभा राहिलो आणि दोन्ही तळवे नुसते खांद्यांवर ठेवले. श्वास घेताना माणसाचं पोट पुढे येतं, खालच्या बरगड्या बाजूंना फाकतात. काकांचे खांदेच वर येत होते आणि बरगड्या जागच्या जागी. कानामागून खाली उतरणारे मानेचे स्नायू ताणलेल्या सुतळीसारखे लागले. कॉलरबोनच्या वरच्या खळग्यात बोट ठेवलं, तर दर श्वासाला तो खळगा आत ओढला जात होता. श्वास सोडायला घेण्याच्या दुप्पट वेळ, आणि शेवटी बारीक शिट्टी.

काका गप्पिष्ट आहेत, हे माझं नशीब. बॉयलरचा विषय काढला की सुरू. चांगल्या दिवशी एका दमात पूर्ण वाक्य येतं. वाईट दिवशी तीन-चार शब्दांवर थांबतात, 'काय सांगत होतो' म्हणतात आणि पुन्हा थांबतात. मी तेच मोजमाप धरलंय. वाक्य तुटायला लागलं की खांदे सोडून फक्त हात आणि तळपाय करतो, नाहीतर गप्पा मारून परत येतो. हे बरोबर आहे का?

शेजारचे एक गृहस्थ म्हणतात, पाठीवर थापट्या मारा, कफ सुटतो. मी मारलेल्या नाहीत. दुसरं, ओठ निळे पडले तर लगेच थांबा असं सगळे सांगतात. मला ते दिसणार कसं? काकू बहुतेक वेळ स्वयंपाकघरात असतात.

आणि आता दिवाळी आली. काकूंची इच्छा आहे की नरकचतुर्दशीला पहाटे साग्रसंगीत अभ्यंग व्हावं. सुगंधी तेल, उटणं, कढत पाणी, नातू दारात फुलबाजी पेटवणार, मग औक्षण. गेली दोन वर्षं काकांचा हा सोहळा झालेला नाही, त्यामुळे काकूंचा हट्ट मला कळतो. पण मशीनच्या शेजारी फुलबाजी म्हटल्यावर माझ्याच पोटात गोळा आला. कोणी जाणकार असेल तर सविस्तर सांगा.

---

तात्या_नगरकर

एवढा विचार कशाला? मोहरीच्या तेलात कापूर घालून कोमट करा, छाती-पाठ खसाखसा चोळा, झोपताना दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब सोडा. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हेच. दम्याचा बापसुद्धा पळतो. डॉक्टर लोक उगाच घाबरवतात.

---

श्वासफिजिओ_नाशिक

दादा, तुमच्या हाताला जे लागलं ते अगदी बरोबर आहे. मी फुप्फुसाच्या रुग्णांबरोबर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि डोळस विद्यार्थ्यांना तो खळगा बोटाने शोधायला शिकवताना माझी दमछाक होते.

सीओपीडीत हवा आत जाते, पण पूर्ण बाहेर पडत नाही. फुप्फुसं फुगलेली राहतात, त्याखाली डायफ्रामचा, म्हणजे छाती आणि पोटामधल्या श्वासाच्या स्नायूचा, घुमट दबून सपाट होतो आणि त्याची ओढ कमी पडते. मग ते काम मान, खांदे आणि छातीच्या वरच्या स्नायूंवर येतं. म्हणजे काकांची मान चोवीस तास ओव्हरटाइम करतेय. तुम्ही ती सैल केलीत तर त्यांना झोप लागेल, धाप लागल्यावरची घाबरगुंडी थोडी कमी होईल. स्पायरोमेट्रीचा, म्हणजे नळीत फुंकून करतात त्या फुप्फुसाच्या तपासणीचा आकडा मात्र मालीशने बदलणार नाही, हे घरच्यांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर महिन्याभराने 'फरक काय पडला' विचारतील. सीओपीडीत खरी ताकद वाढते ती पल्मनरी रिहॅबने, म्हणजे बेताने वाढवत नेलेलं चालणं, मांड्यांचे व्यायाम आणि श्वासाचं तंत्र. काकांना तिकडे कुणी पाठवलंय का, हे मुलाला विचारायला लावा.

शब्दांवरून धाप ओळखणं आम्हीही करतो. त्यात आणखी थोडी भर घाला. हात लावण्याआधी विचारायचं: कालपेक्षा दम जास्त आहे का, बेडका वाढलाय किंवा पिवळा-हिरवा झालाय का, ताप आहे का, रात्री नेहमीपेक्षा जास्त उशा लागल्या का, आराम देणारा पंप जास्त वेळा घ्यावा लागला का. यातल्या एकालाही हो आलं तर त्या दिवशी मालीश नाही, डॉक्टरांना फोन. बेडक्यात रक्त आलं तर तो फोन तिथे बसूनच. मग पाठीवर तळवा ठेवून पूर्ण मिनिटभर श्वास मोजा, मोजतोय हे न सांगता, कारण सांगितलं की माणूस श्वास बदलतो. निरोगी माणसाचे 12 ते 20 होतात. काकांचे चांगल्या दिवशीही थोडे जास्त असतील, तो त्यांचा आकडा समजून फोनमध्ये नोंदवा आणि त्याच्याशीच तुलना करा. आणखी एक, काकांना शून्य ते दहामध्ये धाप किती ते विचारायचं, सुरुवातीला, मध्ये आणि उठताना. आकडा दोनने चढला की हात काढून घ्यायचा.

ओठांचं म्हणाल तर डोळस माणसालाही ट्यूबलाइटखाली निळसरपणा चटकन कळत नाही, आणि कळतो तोवर उशीर झालेला असतो. बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजणारे, फोनला ब्लूटूथने जोडता येणारे ऑक्सिमीटर मिळतात. त्याचं अ‍ॅप तुमच्या फोनला वाचून दाखवता येतं का, ते आधी तपासून मगच घ्या. बोट गार असेल किंवा नखाला पॉलिश असेल तर आकडा चुकतो, म्हणून बोट तुमच्या तळव्यात धरून ऊब द्या आणि आकडा स्थिरावू द्या. सीओपीडीत घरी ऑक्सिजन असलेल्यांना बरेचदा हा आकडा 88 ते 92 टक्क्यांच्या दरम्यान ठेवायला सांगतात. काकांचा आकडा कितीत असावा आणि कितीच्या खाली गेला तर कळवायचं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या. 90 ऐकून कुणी घाबरून मशीनचा फ्लो वाढवला तर ते धोक्याचं आहे. काहींच्या रक्तात त्याने कार्बन डायऑक्साइड साठतो. तो साठला तर माणूस झापडतो, असंबद्ध बोलतो, सकाळी डोकं ठणकतं. गप्पिष्ट काका बॉयलरच्या गोष्टीत नावं चुकवायला लागले, मध्येच डुलकी घ्यायला लागले, तर हे तुम्हाला काकूंच्या आधी कळेल. तेव्हा वाट बघू नका, लगेच दवाखान्यात न्यायला सांगा.

पायांना तेल लावण्याआधी दोन्ही पोटऱ्या हलक्या हाताने चाचपा. एकच सुजलेली, गरम, दुखरी लागली तर रक्ताची गुठळी असू शकते. ती चोळायची नाही, त्याच दिवशी डॉक्टर. जोडीला अचानक धाप किंवा छातीत कळ असेल तर 108. दोन्ही घोट्यांवर अंगठा दाबून खड्डा राहत असेल तर हृदयावर ताण आल्याचा संशय घ्यायचा आणि कळवायचं.

आता बैठक. पालथं कधीच नाही, सपाट उताणंही नाही. टेबलावर दोन-तीन उश्या रचा, काकांना खुर्चीत बसवून पुढे झुकवा, कोपर आणि डोकं उशांवर. हातांना टेकू मिळाला की मानेचे तेच स्नायू जरा सुटतात आणि श्वासही सोपा होतो. तुम्हाला मागून अख्खी पाठ, मान, खांदे मोकळे मिळतात. सुरुवातीला वीस मिनिटं पुरेत. जेवणानंतर दोन तास जाऊ द्या. सकाळचा कफ काढून झालेला असावा. आराम देणारा पंप हाताशी हवा, आणि डॉक्टरांनी आधी घ्यायला सांगितला असेल तर पंधरा मिनिटं आधी. दाब द्यायचा तो श्वास सोडताना. घेताना हात नुसता राहू द्या. गळ्याच्या पुढच्या बाजूला खोल बोट घालू नका. तिथे धमनी आहे, हाताकडे जाणाऱ्या नसाही आहेत. मानेचा तो सुतळीवाला स्नायू एका वेळी एकाच बाजूचा, चिमटीत धरून, हलका.

थापट्या मारल्या नाहीत हे फार उत्तम. स्टेरॉइडच्या गोळ्या वारंवार घेतलेल्यांची हाडं ठिसूळ होतात, कातडी पातळ होते, साध्या दाबाने काळे-निळे डाग पडतात. जोराच्या थापट्यांनी बरगडी मोडू शकते. कफ फार साठत असेल, ब्राँकिएक्टेसिससारखं (श्वासनळ्या कायमच्या रुंदावून त्यात कफ साचतो) काही असेल, तर आम्ही ठरावीक बैठकीत वाटीसारखा पंजा करून ते करतो, पण एक्स-रे, हाडं, रक्त पातळ करणारी औषधं सगळं बघून. शेजाऱ्यांच्या सल्ल्याने करायची ही गोष्ट नाही.

तात्या, रागावू नका. कापूर, मेंथॉलने नाकात गार लागतं आणि श्वास मोकळा झाल्यासारखं वाटतं, श्वासनळ्या मात्र होत्या तेवढ्याच अरुंद राहतात. कित्येक दमेकऱ्यांना त्या वासानेच झटका येतो. नाकात सोडलेलं तेल झोपेत फुप्फुसात उतरून तेलाचा न्यूमोनिया होऊ शकतो. न्हाऊमाखू घालताना बाळांच्या नाकात तेल सोडणाऱ्या बायकांना हे सांगून सांगून आम्ही थकलो.

दिवाळीचं संध्याकाळी लिहिते, ओपीडी सुरू झाली.

---

वैद्य_पंचकर्म

फिजिओताईंशी सहमत. आयुर्वेदाच्या नावावर तात्यांसारखे सल्ले खपतात म्हणून दोन ओळी. वाग्भटांनी अभ्यंग कुणी करू नये याची यादी दिली आहे, त्यात पहिलंच नाव कफग्रस्ताचं आहे, पुढे अजीर्ण झालेल्याचं. श्वासाच्या चिकित्सेत चरकांनी मीठ घातलेलं तेल आणि शेक सांगितलाय हे खरं, पण ती वैद्याने रुग्ण बघून करायची चिकित्सा आहे. सणाचं अभ्यंग वेगळं. नस्यही, म्हणजे नाकात औषध सोडणंही, तसंच, रोज रात्री घरी बाटली उलटी करणं म्हणजे नस्य नव्हे. ज्या दिवशी छातीत घरघर वाढलेली असेल त्या दिवशी तेल नको, मग मुहूर्त कोणताही असो.

---

माई_कोरेगाव

मी स्वतः सीओपीडीची पेशंट. बिडीला कधी हात लावला नाही, पण तीस-पस्तीस वर्षं चूल फुंकली. डॉक्टर म्हणाले, धूर तो धूरच. तुम्हाला पेशंटच्या बाजूने सांगते, कारण हे डॉक्टरांना कळत नाही.

मालीश करताना 'मोठा श्वास घ्या, मोठा श्वास घ्या' असं म्हणू नका. घेता आला असता तर घेतलाच असता की! त्यापेक्षा 'ओठांचा चंबू करून हळू सोडा' म्हणा, ते जमतं. तोंडावर टॉवेल टाकू नका, खिडकी बंद करू नका, आणि उत्तर लागेल असे प्रश्न हात चालू असताना विचारू नका. मला बोलायचं की श्वास घ्यायचा यातलं एकच जमतं, आणि गप्प बसले तर समोरचा माणूस रुसतो. बोटाने खूण ठरवून घ्या. माझी नणंद चोळते तेव्हा मी मांडीवर दोनदा टिचकी मारली की तिने थांबायचं.

आंघोळीचं सगळ्यात अवघड. कोंडलेल्या न्हाणीघरात वाफ झाली की जीव गुदमरतो. हात वर करून केस धुणं म्हणजे डोंगर चढणं. मी स्टुलावर बसते, दार किलकिलं ठेवते, पाणी कोमट घेते. अंग पुसत बसत नाही, टॉवेलचा गाऊन घालून पडून राहते, आपोआप सुकतं.

---

श्वासफिजिओ_नाशिक

माई, तुमची टिचकी मी आमच्याकडच्या सगळ्यांना सांगणार आहे.

दादा, दिवाळी. आगीपासून सुरू करते. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण त्यात साधी ठिणगी भडकते, आणि तो कपड्यांत, केसांत, पांघरुणात मुरलेला असतो. मशीन बंद केल्यावरही लगेच जात नाही. त्यामुळे काका नळीवर असताना त्या खोलीत फुलबाजी, निरांजन, उदबत्ती, धूप काहीही नको. ज्योत निदान 3 मीटर लांब. औक्षण करायचंच आहे ना, सुपारी आणि सोन्याची अंगठी ओवाळा, निरांजन देवापुढे राहू द्या. नातवाने फुलबाजी खाली आवारात उडवावी, काकांनी बंद काचेतून बघावी. तिचा धूर तसाही त्यांना सोसणार नाही.

तेलाचंही तेच. चेहऱ्याला, नाकाखाली, मिशांना, नळीच्या आसपास तेल किंवा व्हॅसलीन नको. नाक कोरडं पडत असेल तर पाण्याचं जेल मिळतं. तुमचे तेलकट हात मशीनला, नळीच्या जोडाला लागू देऊ नका. दिसत नसल्याने तुम्ही नळी हाताने शोधणार, म्हणून तेल घेण्याआधीच ती कुठून कुठे जाते ते चाचपून घ्या आणि खुर्चीच्या एकाच बाजूने काढा. पायात अडकून पडणं हा या नळीचा सगळ्यात साधा धोका.

पहाटे थंडी आणि फटाक्यांचा धूर दोन्ही सगळ्यात जास्त असतो. दहा-अकरा वाजता करा. साधं तिळाचं तेल, वास नसलेलं, कोमट. उटण्यातला नागरमोथा, कचोरा, वाळा वगैरेची पूड फार बारीक असते, डबा उघडला की हवेत उडते. दुसऱ्या खोलीत दुधात कालवून पातळ लेप आणा, हाता-पायांना लावा, छाती-मान सोडून. वास चालतो का हे दोन दिवस आधी बघा. दिवाळीच्या दिवशी प्रयोग नको.

मालीशनंतर लगेच आंघोळ नको, अर्धा तास बसू द्या. मग माई म्हणतात तसंच, फक्त तेलकट पाय आणि ओली फरशी आहे, तेव्हा रबरी चटई आणि काकांच्या दंडाला धरणारं माणूस हवं. गॅस गीझर असेल तर बादली आधी भरून गीझर बंद करा आणि झरोका उघडा.

---

मालीशवाला_डोंबिवली

ताई, माई, वैद्यबुवा, सगळ्यांचे आभार. तुमची उत्तरं फोनवरून मोठ्याने लावून काकूंनाही ऐकवली. अंगठी ओवाळायचं त्यांनी लगेच मान्य केलं. पहाटेचं सोडायला तयार नव्हत्या, पण काकाच म्हणाले की मला पहाटे उठवलंस तर मी दिवसभर बोलणार नाही, आणि तिढा सुटला. सुगंधी तेलाची बाटली सुनेकडे गेली.

उशांची बैठक काल करून बघितली. टेबल डायनिंगचं, उंच पडलं, खांदे आणखी वर गेले. मग काकूंचं शिलाई मशीन ओढलं, झाकणावर दोन लोड टाकले. ते काकांच्या मापाचं निघालं. कपाळ टेकवल्यावर चार-पाच मिनिटांनी मानेचा डावा स्नायू माझ्या चिमटीत पहिल्यांदा हलला, आधी तो हाडाला चिकटल्यासारखा असायचा. धाप त्यांनी सुरुवातीला चार सांगितली, उठताना तीन. श्वास मोजले तेव्हा 22 होते, ते लिहून ठेवलेत. टिचकीची खूण काकांना इतकी आवडली की काम नसताना पण वाजवतात, आता खरी कुठली ते ओळखायची पंचाईत.

दोनच शंका. मालीशच्या वेळी काका म्हणतात, नळी काढ, कानामागे टोचते. काढू का? आणि माझ्या दुसऱ्या एका गिऱ्हाइकाला खोकला आहे, बरेच दिवस झाले, म्हणतो धुळीचा आहे. त्याच्याकडे जाऊ का?

---

श्वासफिजिओ_नाशिक

नळी काढायची नाही. मालीशच्या वेळी ऑक्सिजन किती आणि चालू-बंद हा निर्णय डॉक्टरांचा. कानामागे टोचतं तिथे मऊ फोमची कव्हरं मिळतात, ती नसतील तर कापसाची घडी लावा. कान आधी कोरडे पुसून घ्या आणि कानामागे तेल लावू नका, नळी घसरते.

दुसऱ्या गिऱ्हाइकाला म्हणावं, दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासायची, टीबीची ती तपासणी फुकट होते. रिपोर्ट येईपर्यंत मालीश पुढे ढकला. तुम्ही त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर अर्धा-पाऊण तास असता आणि तिथून थेट काकांकडे जाता. रिपोर्टमध्ये टीबी निघालाच तर औषधं सुरू होऊन डॉक्टर 'आता हरकत नाही' म्हणेपर्यंत थांबा. या वेळी त्यांना 'जपून म्हणजे काय' हेही तिथेच विचारून घ्या.